चष्मा घ्यायचाय... पण कुठून?

मॉलमधलं चकाचक शोरूम, मोबाइलवरचं ॲप, पेठेतलं जुनं दुकान की हॉस्पिटलच्या आवारातला काउंटर? एकाच घरात घेतलेले दोन चष्मे, एक पुण्यात आणि एक वडीगोद्रीकडे. या दोन खरेद्यांमधून हाती लागलेला हा साधासोपा फंडा...

नवा मोबाइल घ्यायचा म्हटलं की आपण काय काय करतो? रिव्ह्यू वाचतो, ऑफिसातल्या टेक्नो-सॅव्ही मित्राचं डोकं खातो, दिवाळीच्या सेलची वाट बघतो. शूज घेताना चार दुकानं पालथी घालतो. आणि चष्मा? लंच टाइममध्ये दुकानात शिरायचं, आरशासमोर तीन फ्रेम्स लावून बघायच्या, मैत्रिणीला फोटो पाठवायचा, तिचा ‘मस्त’ आला की पैसे भरून मोकळं! वीस मिनिटांत खेळ खल्लास. जी वस्तू सकाळी डोळे उघडल्यावर पहिल्यांदा हातात येते आणि रात्री सर्वांत शेवटी उशाशी जाते, तिच्या वाट्याला आपली वीस मिनिटं. नॉट फेअर, बॉस!

मी सातवीपासूनची चश्मिश. नंबर दोन्ही डोळ्यांना मायनस ५, वर थोडा सिलिंडरही. नोकरी पुण्यात, दिवसाचे नऊ-दहा तास स्क्रीनसमोर. गाव मात्र वडीगोद्री, तालुका अंबड, जिल्हा जालना. धुळे-सोलापूर हायवेवर पाचोड आणि शहागडच्या मधलं. जून २०२४ मध्ये ओबीसी आरक्षणासाठी इथे उपोषण झालं तेव्हा गावाचं नाव टीव्हीवर झळकलं होतं, म्हणून कदाचित कानावरून गेलंही असेल. एरवी आमची ओळख ऊस, कापूस आणि मोसंबी!

यंदा घरात दोन चष्मे घ्यायचे होते. माझा आणि आईचा. आई गावात ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. गेल्या दिवाळीत लक्षात आलं की ती काळ्या कापडाचं काम ‘सकाळी ये’ म्हणून परत पाठवते. काळ्या कापडावर काळा दोरा तिला संध्याकाळी दिसतच नव्हता. तिच्या धंद्याची ही अशी हळूहळू गळती सुरू झाली होती आणि घरात कुणाला पत्ता नाही! त्यामुळे यावेळी म्हटलं, चष्म्याचा मामला जरा सीरियसली घेऊ. शोरूम झालं, ॲप झालं, जुनी दुकानं झाली, हॉस्पिटलही झालं. त्यातून जे समजलं ते तुमच्याशी शेअर करतेय.

नंबर कुणी काढला?

‘चष्म्याचं दुकान कुठलं चांगलं?’ या प्रश्नाआधी एक प्रश्न येतो. नंबर कुणी काढला आणि कसा काढला?

‘इथे हनुवटी टेकवा, समोरच्या फुग्याकडे बघा...’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. रस्त्याच्या टोकाला रंगीत फुगा दिसतो, मशिन गुरगुरतं आणि चिठ्ठी बाहेर येते. यालाच आपण ‘कॉम्प्युटरवर डोळे तपासले’ म्हणतो. पण मंडळी, ती चिठ्ठी म्हणजे फक्त सुरुवात असते. मशिनने सांगितलेला नंबर घेऊन मग माणसाने तुमच्यासमोर एकेक काच बदलत विचारायचं असतं, ‘आता बरं दिसतंय की आधी दिसत होतं?’ हा कंटाळवाणा भाग ज्या दुकानात पाच मिनिटंसुद्धा चालत नाही आणि चिठ्ठीवरचा आकडा थेट ऑर्डर फॉर्मवर उतरतो, तिथून नम्रपणे काढता पाय घ्यावा. विशेषतः तरुण डोळे मशिनमध्ये बघताना नकळत ताण घेतात आणि मायनस नंबर असतो त्यापेक्षा जास्त येऊ शकतो. मग नव्या चष्म्याने डोकं दुखतं आणि आपण दोष देतो ऑफिसच्या एसीला!

सिलिंडर असेल तर आणखी एक आकडा येतो, ॲक्सिस. म्हणजे तो नंबर काचेत किती अंशांत बसवायचा ते. हा कोन नुसता १० अंशांनी चुकला तरी सिलिंडरचा साधारण एक तृतीयांश फायदा हवेत विरतो. ३० अंशांनी चुकला तर जितका दोष होता तितकाच शिल्लक राहतो, फक्त दिशा बदलते. तेव्हा घाई करणाऱ्या माणसाकडून सिलिंडर काढून घेऊ नये.

तपासणारी व्यक्तीही विचारून घ्यावी. नेत्रतज्ज्ञ म्हणजे डोळ्यांचे डॉक्टर. ऑप्टोमेट्रिस्ट म्हणजे नजर तपासण्याचं रीतसर शिक्षण घेतलेली व्यक्ती. ऑप्टिशियन चष्मा बनवतो, बसवतो. छोट्या दुकानात एकच माणूस दोन भूमिका करतो आणि अनेकदा छान करतो, पण विचारायला काय हरकत आहे? चाळिशी जवळ आली असेल, घरात मधुमेह किंवा काचबिंदू असेल किंवा नंबर भराभर वाढत असेल तर मात्र पहिला स्टॉप डॉक्टरचाच. काचबिंदू सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही आणि चष्म्याच्या दुकानातल्या फुग्यालाही दिसत नाही.

नंबर निघाला की तो कागदावर घ्या. तुमचे डोळे, तुमचा नंबर! ‘आमच्याकडे सिस्टीममध्ये सेव्ह आहे’ हे उत्तर चालवून घेऊ नका. कागद हातात असला की दुकान निवडायला तुम्ही मोकळे.

ते जादूई मिलीमीटर

आता असा आकडा, जो बहुतेकांच्या कागदावर नसतोच. पीडी! म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर. बहुतेक मोठ्या माणसांत ते ५५ ते ७० मिलीमीटरच्या दरम्यान असतं. माझं ६०. काचेचा केंद्रबिंदू बरोबर बाहुलीसमोर यायला हवा, म्हणून हे माप.

नाही आला तर? पुण्यात पेठेतल्या एका जुन्या दुकानात काकांनी मला हे गणित कागदावर करून दाखवलं. मला आवडली होती मोठी गोल फ्रेम. तिच्या काडीच्या आतल्या बाजूला लिहिलं होतं ५४-१८-१४०. तुमच्याही फ्रेमवर असेल, आत्ता काढून बघा! पहिला आकडा एका काचेची रुंदी, दुसरा नाकावरच्या पुलाचा, तिसरा काडीची लांबी. सगळं मिलीमीटरमध्ये.

‘चोपन्न आणि अठरा किती झाले, ताई?’

‘बहात्तर.’

‘तुमचे डोळे साठावर. म्हणजे दर काच सहा मिलीमीटर आत सरकवावी लागणार. सरकवली तर बाहेरची कड जाड. नाही सरकवली तर तुम्ही दिवसभर काचेच्या कडेकडून बघणार.’

माझ्या मायनस ५ ला हे सहा मिलीमीटर म्हणजे प्रत्येक डोळ्यावर ३ डायॉप्टरचा फुकटचा प्रिझम. हिशेब सोपा आहे, सेंटीमीटरमधलं अंतर गुणिले नंबर. संध्याकाळपर्यंत डोळे ओढल्यासारखे होणार हे ठरलेलं! काकांनी सुचवली ४८-२० ची फ्रेम. बेरीज ६८, सरकवायचे फक्त चार मिलीमीटर, आणि कड चक्क बारीक. फॅशनच्या दृष्टीने थोडं मन मारावं लागलं, पण आरशात बघितल्यावर वाटलं, तशी वाईट नाही दिसत!

तात्पर्य काय? जो तुमच्या डोळ्यांचं अंतर मोजल्याशिवाय ऑर्डर घेतो, त्याचं शोरूम कितीही चकचकीत असो, पास! आणि जो तुम्हाला आवडलेली महागडी फ्रेम ‘ही तुमच्या नंबरला नको’ म्हणून खाली ठेवायला लावतो, त्याचा पत्ता जपून ठेवा.

चार दुकानं, चार स्वभाव

*साखळी शोरूम.* टायटन आय प्लस २००७ मध्ये सुरू झालं आणि चष्म्याच्या दुकानात एसी, ठरलेले दर आणि छापील बिल ही मध्यमवर्गीयांची सवय झाली. लॉरेन्स अँड मेयोसारखं नाव तर १८७७ पासून भारतात आहे. इथे मशिन्स चांगली असतात, वॉरंटी कागदावर असते, एका शहरात घेतलेला चष्मा दुसऱ्या शहरातल्या शाखेत दाखवता येतो. बदल्या होणाऱ्या नोकरदारांसाठी हा मोठाच प्लस पॉइंट. मायनस पॉइंट म्हणजे दर्जा शाखेवर आणि त्याहूनही त्या दिवशी ड्युटीवर असलेल्या माणसावर ठरतो. शिवाय टार्गेट असतं. आईला घेऊन मी छत्रपती संभाजीनगरच्या एका शोरूममध्ये गेले होते. तिचं काम काय, ती कुठल्या अंतरावर बघते, हे कुणी विचारलंच नाही. थेट प्रोग्रेसिव्हचा भाव सांगितला. आई कानात कुजबुजली, ‘एवढ्यात तर नवी मशिन येईल बाई!’

*ॲप.* लेन्सकार्ट २०१० मध्ये सुरू झालं, नोव्हेंबर २०२५ मध्ये शेअर बाजारातही उतरलं. घरबसल्या शेकडो फ्रेम्स, किंमत आवाक्यात आणि हायवेवरच्या गावापर्यंत कुरिअर. साधा, कमी नंबर असेल, पीडी नीट मोजलेला असेल आणि जुन्या फ्रेमचं माप माहीत असेल तर ऑनलाइन चष्मा उत्तम बसू शकतो. पण प्रोग्रेसिव्ह, जास्त नंबर किंवा जास्त सिलिंडर असेल तर जपून. प्रोग्रेसिव्हमध्ये बाहुली काचेच्या कुठल्या उंचीवर येते ते फ्रेम चेहऱ्यावर असतानाच मोजावं लागतं. हे पट्टी आणि सेल्फीवर सोडणं रिस्की! अशा कंपन्यांची दुकानंही आता गल्लोगल्ली आहेत, तिथे जाऊन माप द्यावं हे बरं.

*पेठेतलं जुनं दुकान.* बोर्ड जुना, काउंटर लाकडी, मागे घासायचं मशिन घुर्र करत असतं. इथे तुमचा नंबर काढणारा, काच बसवणारा आणि काडी वाकवून देणारा माणूस एकच. तो दहा वर्षांनीही तिथेच असतो! भाव करता येतो, स्क्रू फुकट मिळतो. पण काचेची कंपनी, इंडेक्स, कोटिंग हे सगळं बिलावर लिहून घ्यायची जबाबदारी तुमची. ‘इम्पोर्टेड आहे, बिनधास्त न्या’ हे काही काचेचं नाव नव्हे.

*हॉस्पिटलमधला काउंटर.* मोठ्या नेत्ररुग्णालयांत सहसा आवारातच चष्म्याचं दुकान असतं. पुण्यात हडपसरकडचं एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालय, आमच्याकडे जालन्याचं श्री गणपती नेत्रालय, ही नावं घराघरांत माहीत आहेत. फायदा असा की चष्मा जमला नाही तर नंबर चुकला की काच, याचा निवाडा एकाच आवारात होऊ शकतो. तोटा एकच, गर्दी. अर्धा दिवस धरूनच चला.

आणि ब्रँडेड फ्रेमबद्दल दोन शब्द. रे-बॅन हे नाव अमेरिकेच्या बॉश अँड लॉम्बकडून इटलीच्या लक्झॉटिकाने १९९९ मध्ये घेतलं. ओकली २००७ मध्ये त्यांच्याकडेच गेली. प्राडासारख्या फॅशन हाउसच्या फ्रेम्सही तीच कंपनी लायसन्सवर बनवते. २०१८ मध्ये ती लेन्स बनवणाऱ्या फ्रान्सच्या एसिलॉरमध्ये विलीन झाली. म्हणजे शोकेसमध्ये एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या फ्रेम्स बऱ्याचदा एकाच घरच्या लेकी असतात! नावाची हौस असेल तर जरूर करा, पण बजेट टाइट असेल तर पैसा आधी काचेत घाला, मग फ्रेममध्ये.

काचेत काय बघायचं?

‘काच’ म्हणतो आपण, पण आता असते ती बहुतेक प्लॅस्टिकच. दुकानदार १.५, १.५६, १.६, १.६७, १.७४ असे आकडे फेकतो. हा इंडेक्स. आकडा जितका मोठा तितकी त्याच नंबरची काच बारीक, आणि बिल जाड! साधारण २ पर्यंतच्या नंबरला १.५ किंवा १.५६ मजेत चालतं. ४ पर्यंत १.५६ किंवा १.६. त्यापुढे १.६ किंवा १.६७. १.७४ चा विचार ६ च्या पलीकडे गेल्यावर करा. मायनस १ वाल्याला कुणी १.६७ विकत असेल तर तो तुमचा नंबर नाही, पाकीट तपासतोय!

बारीक काचेची एक किंमतही असते, जी बिलावर दिसत नाही. काच जितकी कमी दर्जाने रंग एकत्र ठेवते तितक्या कडेला रंगीत किनारी दिसतात. याचं माप म्हणजे ॲबे व्हॅल्यू. साध्या १.५ काचेची ५८, पॉलिकार्बोनेटची फक्त ३०, १.६ च्या चांगल्या काचेची ४१ च्या आसपास, १.६७ ची ३१-३२. जास्त म्हणजे चांगली. माझ्या मायनस ५ साठी काकांनी १.६ सुचवली, ती याच कारणाने. पॉलिकार्बोनेट सहजासहजी फुटत नाही, म्हणून लहान मुलांना, खेळणाऱ्यांना तीच द्यावी.

कोटिंगपैकी अँटी-रिफ्लेक्शनवर मात्र काटकसर नको. कोटिंग नसलेली साधी काच दोन्ही पृष्ठभागांवरून मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परतवते, १.६७ ची तर १२ टक्क्यांच्या आसपास. रात्री गाडी चालवणाऱ्याला समोरच्या हेडलाइटचे जे दोन-दोन दिवे दिसतात, त्यामागे हेही एक कारण. आमच्याकडे कारखान्याच्या हंगामात हायवेवर उसाच्या ट्रॉल्या असतात, अनेकदा मागे लाल दिवासुद्धा नसतो. आण्णा रात्री पाचोडवरून जीप घेऊन येतात तेव्हा त्यांच्या काचेवरचं हे कोटिंग लक्झरी राहत नाही.

आणि आता सगळ्यांचं लाडकं... ब्लू कट! आयटीवाल्यांना तर हे न विचारता चिकटवतात. खरं काय? ऑगस्ट २०२३ मध्ये कॉक्रेनने १७ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा की थोड्या काळाच्या वापरात साध्या काचेच्या तुलनेत ब्लू कटने कॉम्प्युटरमुळे येणारा डोळ्यांचा ताण बहुधा कमी होत नाही. ब्रिटनमध्ये तर २०१७ मध्ये बूट्स ऑप्टिशियन्सला अशा काचांची दिशाभूल करणारी जाहिरात केल्याबद्दल ४०,००० पौंडांचा दंड झाला. स्क्रीनने डोळे थकतात कारण आपण पापण्या मिटायला विसरतो आणि तासन्‌तास एकाच अंतरावर बघतो. त्यावर उपाय फुकट आहे. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर बघा. खिडकीतून, किंवा... ज्याच्याकडे बघावंसं वाटतं त्याच्याकडे!

वडीगोद्रीची टेस्ट

आता आईची गोष्ट. तिने आठवडी बाजारातल्या हातगाडीवरून तयार चष्मा घेतला होता. दीडचा नंबर, दोन्ही काचा सारख्या. पुण्याच्या मैत्रिणी हे ऐकून किंचाळल्या, पण मला हातगाडीला नावं ठेवायची नाहीत. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल, सिलिंडर नसेल आणि फक्त चाळिशी लागली असेल तर तयार चष्माही काम करतो. आसाममधल्या चहाच्या मळ्यात ७५१ मजुरांवर झालेली एक चाचणी २०१८ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आली. वय ४० च्या वर. जवळचा चष्मा मिळालेल्यांची पानं खुडायची क्षमता न मिळालेल्यांपेक्षा २१.७ टक्के जास्त वाढली. बांगलादेशातल्या अशाच चाचणीचे आकडे २०२४ मध्ये आले. तिथे साध्या जवळच्या चष्म्याने कमाई सुमारे एक तृतीयांश वाढली. ज्याचं पोट नजरेवर आहे त्याच्यासाठी चष्मा म्हणजे अवजार. शिलाई मशिनइतकंच!

आईचा प्रॉब्लेम वेगळा निघाला. जालन्याला डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करून डोळे आतून तपासले. पडदा ठीक, मोतीबिंदू नाही. पण दोन डोळ्यांचे नंबर वेगळे आणि डाव्यात सिलिंडर. म्हणजे हातगाडीवरचा कुठलाच चष्मा तिला कधीच जमणार नव्हता. हे कळायला तपासणीच लागली.

कागद हातात आला. आता बनवायचा कुठे? मी म्हटलं पुण्यात बनवून आणते. चुलतभाऊ म्हणाला, ‘ताई, ॲपवरनं मागव की, तिसऱ्या दिवशी दारात!’ आई म्हणाली, ‘अन् काडी ढिली झाली तर कुणाकडं जाऊ?’

मुद्दा बिनतोड होता. चष्मा खाली पडतो, नातवंडं ओढतात, उन्हात घाम येऊन नाकावरून घसरतो. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी काडी गरम करून वाकवून द्यावी लागते. आई अस्तर, दोरा, हुक आणायला अंबडला जातेच. म्हणून अंबडच्या एका जुन्या दुकानात गेलो. दुकानदाराने कागद बघितला आणि पहिला प्रश्न विचारला,

‘मावशी, वाचायला पाहिजे का शिवायला?’

‘शिवायला. वाचते कुठं मी, पंचांग तेवढं.’

‘मग मशिनवर बसल्यावर सुई डोळ्यापासून किती लांब असती?’

आईच्या पिशवीत टेप होताच. दुकानातल्या स्टुलावर मशिनवर बसल्यासारखी बसली, टेप डोळ्यापाशी धरला आणि सांगितलं, ‘अठरा इंच.’

अठरा इंच म्हणजे सुमारे ४५ सेंटीमीटर. पुस्तक आपण बहुतेक याहून जवळ धरतो. जवळचा नंबर ठरतो तो याच अंतरावर. पुस्तकासाठी काढलेला नंबर मशिनवर लावला तर माणूस मान खाली घालघालून बसणार, आणि मग मानेचं दुखणं वेगळं. दुकानदाराने कागदावरच्या नंबरच्या फोटोसह डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला, अंतर सांगितलं, जवळचा नंबर किंचित कमी करून घेतला. काच सुचवली साधी, एकाच नंबरची, अँटी-रिफ्लेक्शनवाली. प्रोग्रेसिव्ह नकोच म्हणाला. प्रोग्रेसिव्हमध्ये जवळचं बघायची खिडकी अरुंद असते, कापड तर मशिनवर दोन हात पसरलेलं असतं!

एवढ्या सगळ्या शोरूम्स फिरून झाल्यावर सगळ्यात नेमका प्रश्न विचारला तो अंबडच्या त्या माणसाने. शहर मोठं म्हणून दुकान चांगलं, या माझ्या समजुतीला तिथे सुरुंग लागला. अर्थात याचा अर्थ गावचं प्रत्येक दुकान भारी, असाही नाही. प्रश्न विचारणारा माणूस पुण्याच्या मॉलमध्येही भेटू शकतो. तो शोधायचा, इतकंच.

सध्या आई काळी ब्लाउजं संध्याकाळी घेते. दर वाढवलाय ते वेगळंच!

हातात घेण्यापूर्वी

चष्मा तयार झाल्याचा मेसेज आला की आपण घाईत जातो, पिशवी उचलतो आणि निघतो. थांबा! तिथेच लेन्सोमीटर नावाचं मशिन असतं. त्यावर तयार चष्म्याचा नंबर तुमच्यासमोर तपासून मागा आणि कागदाशी ताडून पाहा. काचेचं पाकीट मागा, त्यावर कंपनी आणि इंडेक्स छापलेला असतो. चष्मा लावून दुकानाच्या दारापर्यंत चालून या. नवा नंबर किंवा सिलिंडर असेल तर पहिले काही दिवस फरशी तिरकी वाटू शकते. आठवडा-दोन आठवड्यांत डोळे सरावतात. त्यानंतरही डोकं दुखत असेल तर मुकाट्याने सहन करू नका, परत जा. काच पुन्हा बनवून देण्याची अट आधीच बिलावर लिहून घेतली असेल तर वाद होत नाही.

बिल पक्कंच घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून नजरेच्या चष्म्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा ‘बिल नको, टॅक्स वाचेल’ या आमिषात आता फारसा दमही उरलेला नाही. दुकानदार ऐकतच नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर लक्षात ठेवायला सोपा आहे, १९१५.

आणि हो, चष्मा शर्टाच्या टोकाने पुसणं बंद! आधी पाण्याने धूळ घालवा, मग मऊ कापड. कोटिंगवरचे निम्मे ओरखडे आपणच प्रेमाने काढलेले असतात.

चौकट: काउंटरवर विचारायचे सात प्रश्न

१. नंबर कोण काढणार आणि त्यांचं शिक्षण काय?

२. नंबर आणि पीडी मला कागदावर लिहून देणार का?

३. माझं काम काय, मी किती अंतरावर बघते हे तुम्ही विचारणार की मीच सांगू?

४. काच कुठल्या कंपनीची, इंडेक्स किती, कोटिंग कुठलं? बिलावर लिहाल?

५. ही फ्रेम माझ्या नंबरला आणि माझ्या डोळ्यांच्या अंतराला योग्य आहे का?

६. जमला नाही तर काच किती दिवसांत, कोणत्या अटीवर बदलून मिळेल?

७. काडी ढिली झाली तर मी कुणाकडे यायचं?

सातही प्रश्नांना न चिडता उत्तर देणारं दुकान सापडलं तर ते मॉलमध्ये आहे की अंबडच्या बाजारपेठेत, याने काही फरक पडत नाही. मात्र सातव्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या घरापासून जितकं जवळ, तितकं बरं!